सद्भावनेने केलेली सही

ती घटना मला आजही आठवते, पण तिच्या आठवणीनं माझी छाती फुगत नाही. नोकरीत माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या. मात्र एकाच गुन्ह्यात दोनदा, तेही स्वतःच्या सहीनिशी, तोंडावर पडण्याचा मान मला एकदाच मिळाला. नातवंडांना मी दरोडेखोरांच्या गोष्टी सांगतो. ही सांगत नाही, कारण तिच्यात दरोडेखोर नाही आणि मी हुशारही दिसत नाही.

तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. गावाबाहेर, कलमांच्या बागांना लागून एक काजूचा कारखाना होता. तिथं चाळीसेक बाया कामाला होत्या. काजूची बी फोडायच्या आधी वाफवावी लागते, त्यासाठी पत्र्याच्या शेडमध्ये एक उभा बॉयलर. एके दिवशी सकाळी साडेनऊला तो फुटला. शेडचा एक पत्रा शेजारच्या बागेतल्या आंब्यावर जाऊन बसला होता. बी भरणारी एक बाई भाजली आणि चौथ्या दिवशी इस्पितळात वारली. बॉयलर चालवणारा माणूस भट्टीत घालायला काजूची टरफलं आणायला बाहेर गेला होता, म्हणून वाचला. त्याचा डावा हात मात्र कोपरापर्यंत सोलवटून निघाला. पन्नाशीचा, सडपातळ, मुंबईत गिरणीच्या बॉयलरवर काम करून गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेला. कारखान्यातल्या बाया त्याला तात्या म्हणत. मीही इथं तेच म्हणतो.

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. ते चांगलं आहे हे मला ठाऊक होतं, आणि रोग तिथंच होता. चांगल्या अक्षराचा माणूस गरजेपेक्षा जास्त लिहितो. शेडमधल्या चौदा वस्तू मी जप्त केल्या. त्यात फुटलेला पाइप होता, फावडं होतं आणि कुणाचा तरी स्टीलचा जेवणाचा डबाही होता. डब्याचा स्फोटाशी काय संबंध, ते आजही सांगता येणार नाही. पण यादीत तो शोभत होता.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बॉयलरला एक सेफ्टी वाल्व असतो. वाफ मर्यादेबाहेर गेली की तो आपोआप उघडतो आणि वाफ सोडून देतो. दरवर्षी सरकारी निरीक्षक येऊन तो तपासतो, त्यातून तार ओवतो आणि तारेला शिशाचं सील ठोकतो. मग कुणाला तो आवळता येत नाही. आवळायचा तर सील तोडावं लागतं.

मी पाहिलं तर वाल्वला गंजकी तार लोंबत होती. शिसं नव्हतं. मी लिहिलं, 'सील तोडलेले आढळून आले.' दिसलं होतं एवढंच की सील नाही. 'सील आढळून आले नाही' असं लिहायला हवं होतं. पण 'तोडलेले' या शब्दाला वजन होतं, आणि वजनदार शब्द समोर आला की मला तो खाली ठेवता येत नसे.

दुपारी कारखान्याचा मालक प्रमाणपत्र घेऊन आला. तीन आठवड्यांपूर्वीचं, निरीक्षकांच्या सहीचं. 'दि. अमुक रोजी सकाळी साडेअकरा वाजता समक्ष तपासणी केली. सेफ्टी वाल्व सुस्थितीत. सील केले.' मालकानं ते टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. बोलायची गरजच नव्हती. मला दोन अधिक दोन चार दिसले. निरीक्षकानं सील लावलं, स्फोटानंतर ते तुटलेलं, मग मधल्या काळात वाल्वला हात घालणारा एकच माणूस. जास्त वाफ कोंडून काम लवकर उरकायला त्यानं वाल्व आवळला.

हलगर्जीपणाचं कलम लावलं असतं तर तात्या त्याच दिवशी जामिनावर घरी गेला असता. मी लावलं सदोष मनुष्यवधाचं. बाई गेली होती, गावात राग होता, आणि मी फॉर्मात होतो. इस्पितळातून सोडल्याबरोबर त्याला अटक केली. हाताला बँडेज, खांद्यावर टॉवेल.

"वाल्व का आवळलास?"

"नाय आवळला साहेब."

"मग सील कुणी तोडलं?"

"शिसा व्हताच कुटं?"

"म्हणजे? प्रमाणपत्रात लिहिलंय सरकारी!"

"परमानपत्रात असंल. वाल्वावर नव्हता."

"म्हणजे कागद खोटा आणि तू खरा?"

तो बँडेजकडे बघत म्हणाला, "साहेब, तुमी कागद वाचता, मी बॉयलर वाचतो. तो दोन मयने कुरकुरत व्हता. मालकांना दोनदा सांगितला. ते बोललान, साहेब येतील ते बघतील."

उत्तर बरोबर होतं. मला ते उर्मट वाटलं. स्टेशन डायरीत मी नोंद केली, 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देत आहे.' पाच दिवसांची पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन. स्थानिक पेपरात माझा फोटो आला, वाल्वकडे बोट दाखवतानाचा. खाली लिहिलं होतं, 'चोवीस तासांत छडा'. बायकोनं तो कापून ठेवला. पुढे मीच तो फाडला.

आता खबर कशी मिळाली ते सांगतो. आठवणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना खबर नेहमी गुप्त बातमीदाराकडून मिळते. मला ती डब्यामुळे मिळाली.

जप्त केलेला तो डबा कारखान्यातल्या एका मावशीचा होता. ती दोनदा ठाण्यात येऊन गेली. ठाणे अंमलदारानं दोन्ही वेळा सांगितलं की डबा मुद्देमालात आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळणार नाही. तिसऱ्यांदा ती थेट माझ्या खोलीत शिरली.

"तुमीच मोठं साहेब ना? माजा डबा द्या."

"मावशी, तो पुरावा आहे."

"कसला पुरावा? त्यात भाकरी व्हती. भाकरीन बॉयलर फोडलान काय?"

बाहेर हवालदार हसल्याचा आवाज आला. मी सौम्यपणे म्हणालो, "कोर्टात अर्ज करा."

"तात्याला आत ठेवलाव, डब्याला पन आत ठेवलाव. आनि जो साहेब आलाच नाय त्याला कोन विचारीत नाय."

"कोण साहेब आला नाही?"

"तपासनीवाला. दरसाल येतो, खुर्ची मागतो, पानी मागतो. ह्या खेपेस त्याचा मानूस आला एकटाच. बॉयलर बघितलान, तोंड वाकडा केलान, वहीत काय लिहिलान नि गेला. शिसाबिसा कायपन नाय लावला. गेल्या सालची तार तशीच लटकत व्हती. आमी रोज बघतो ना."

तिचा जबाब घेतला. तिला वाचून दाखवला, तेव्हा तिनं विचारलं, "डब्याचा लिहिलाव काय?" डब्याचंही लिहिलं.

त्या संध्याकाळी मी माझा पंचनामा पुन्हा वाचला. 'तोडलेले.' तार गंजकी आणि गेल्या वर्षीची असेल, तर यंदाचं सील तुटलं कुठून? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. तात्या तोवर बारा दिवस आत होता.

मी निरीक्षकांना पत्र पाठवलं. ते स्वतःच भेटायला आले. सभ्य माणूस. जिल्ह्यातले सगळे बॉयलर त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होते, वरच्या दोन जागा रिकाम्या. त्यांची जीप घाटात जाऊन येऊन खिळखिळी झालेली, आणि कंबरही. आमची थोडी ओळख होती. सरकारी विश्रामगृहावर कधी एकत्र जेवायचो. दोघंही निरीक्षक, त्यामुळे एकमेकांना 'या निरीक्षकसाहेब' म्हणून चिडवायचो. त्या दिवशी कुणीच चिडवलं नाही.

"मी समक्ष तपासणी केली," ते म्हणाले. "प्रमाणपत्रात तसं लिहिलंय."

"साक्षीदार म्हणतात, तुम्ही आलाच नाहीत."

"बाया म्हणतात." त्यांनी बॅगेतून एक पुस्तिका काढली आणि शेवटचं पान उघडलं. "हे कलम बघा. या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल निरीक्षकावर किंवा त्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर दावा, खटला, काहीही चालवता येत नाही. शिवाय लोकसेवकावर खटल्याआधी शासनाची मंजुरी लागते, ते तुम्हाला मी काय सांगायचं?"

मला तोंडपाठ होतं. म्हणालो, "सद्भावनेची व्याख्या आमच्या दंड संहितेत आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेलं काम सद्भावनेचं होत नाही."

ते हसले. शिक्षक हुशार पण घाईच्या विद्यार्थ्याकडे बघून हसतो तसे. "ती दंड संहितेपुरती. आमचा कायदा केंद्राचा. त्याला सर्वसाधारण खंड अधिनियमातली, म्हणजे केंद्राच्या कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या कायद्यातली, व्याख्या लागते. काम प्रामाणिकपणे केलं असलं की ते सद्भावनेचं, मग त्यात निष्काळजीपणा झाला असो वा नसो."

मी त्यांच्यासमोरच कपाटातून पुस्तक काढून पाहिलं. तसंच होतं. एकच शब्द, दोन कायदे, दोन अर्थ. एकाला काळजी लागते, दुसऱ्याला नुसता प्रामाणिकपणा पुरतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते मला आरोपी होऊ घातलेल्या माणसाकडून कळलं. त्यांना चहा पाजून पाठवलं.

मात्र त्यातून तपासाला दिशा मिळाली. निरीक्षक कारखान्यात गेले असतील आणि त्यांना गंज दिसला नसेल, तर ती चूक, आणि चुकीला कलमाचं छत्र. ते गेलेच नसतील आणि 'समक्ष' लिहिलं असेल, तर ते खोटं, आणि खोट्याला छत्र नाही. म्हणजे एवढंच सिद्ध करायचं की त्या दिवशी साडेअकराला साहेब कुठं होते.

मोबाईलचं लोकेशन काढलं. डोंगराच्या अलीकडे एकच टॉवर. कारखाना, विश्रामगृह, खाडी, माझं ठाणं, सगळं त्याच्याखाली. कारखान्यात कॅमेरा होता, पण तो काजूगराच्या खोलीत, बाया खिशात गर घालतात का ते बघायला. बॉयलरवर कुणाचं लक्ष नव्हतं. वाल्व प्रयोगशाळेत पाठवला होता. उत्तर आलं, 'गंज स्फोटापूर्वीचा की नंतरचा, याबाबत निश्चित मत देता येत नाही.' या वाक्याचा शिक्का करून घेतला तरी त्या प्रयोगशाळेचं काम भागेल.

आणि मग घबाड सापडलं. किंवा मला तसं वाटलं.

कोर्टात दुसरी एक केस उभी राहायची होती, खाडीतल्या बेकायदा वाळू उपशाची. तिचे कागद चाळताना पंचनाम्याच्या शेवटी पंचांच्या सह्या दिसल्या. पंच क्रमांक एक, ग्रामपंचायतीचा शिपाई. पंच क्रमांक दोन, आमचे बॉयलर निरीक्षक! तारीख तीच. वेळ, सकाळी अकरा ते दुपारी एक. ठिकाण, खाडी. कारखान्यापासून अकरा किलोमीटर.

मी खुर्चीतून उठलो. साडेअकराला माणूस खाडीवर पोलिसांबरोबर होता, मग कारखान्यात बॉयलर कसा तपासला? पुरावा माझ्याच कपाटात, माझ्याच सहीखाली! मी ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या रायटर हवालदाराला हाक मारली.

"हे बघ! साहेब खाडीवर होते!"

हवालदारानं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "होय साहेब," तो म्हणाला. त्या 'होय'मध्ये काहीतरी अडकलं होतं. पण मी मंजुरीच्या प्रस्तावाचा मसुदा डोक्यात तयार करत होतो.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांच्या मदतनीसाला बोलावलं. पस्तिशीचा, आय.टी.आय. झालेला, कंत्राटी. मुंबईत दोन वर्षं काढून गावी परतलेला. हातात एक कोनांची झिजलेली वही. मी त्याला बसू दिलं, पाणी दिलं. चौकशीत पाणी दिलं की माणूस घाबरतो, हा माझा अनुभव. हा घाबरला नाही, सगळं पाणी प्यायला.

"त्या दिवशी कारखान्यात साहेब होते की तू एकटा?"

"साहेब होते, असं कागदावर आहे."

"मी कागदाचं विचारत नाही."

मी नाट्य केलं. ड्रॉवर उघडला, खाडीचा पंचनामा काढला आणि त्याच्यासमोर फिरवून ठेवला. "वाच. तुझे साहेब त्या वेळी आमच्याबरोबर खाडीवर होते. आता बोल."

त्यानं कागद शांतपणे वाचला. मग त्याला हसू आलं. दाबलेलं हसू, पण हसूच.

"साहेब, रागावू नका. तुम्ही खरंच विसरलात की माझी परीक्षा घेताय?"

"काय विसरलो?"

"साहेब खाडीवर नव्हते. दिवसभर विश्रामगृहावर कंबर धरून झोपून होते. संध्याकाळी तुमचे हवालदार आले हा कागद घेऊन, पंचाची सही पाहिजे म्हणून. त्यांचं पेन चालेना, मी माझं दिलं. बघा ना, वरचं सगळं काळं आहे. दोन नंबरची सही निळी."

मी बघितलं. निळी होती.

मी दाराकडे पाहिलं. हवालदार तिथं उभा होता आणि छताच्या पंख्याचा अभ्यास करत होता.

आता वाचकांना खरं सांगून टाकतो. पंच मिळणं हे पोलिसांचं कायमचं दुखणं. गावातला माणूस पंच व्हायला तयार होत नाही. झाला तर कोर्टात फितूर होतो. म्हणून सरकारी नोकर शोधायचा. त्या दिवशी खाडीवर एकच पंच मिळाला, तो शिपाई. तो खरोखर हजर होता, म्हणजे पंचनामा अर्धा खरा होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मीच हवालदाराला म्हणालो होतो, "निरीक्षकसाहेब विश्रामगृहावर उतरलेत, त्यांची सही आण." आणि विसरलो. मुद्दाम विसरलो असतो तर निदान लबाडी केली म्हणता आलं असतं. ते काम इतकं नेहमीचं होतं की लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं. हवालदार आदल्या दिवशी बोलला नाही, कारण त्याला वाटलं, साहेबांनी जाणूनबुजून डाव टाकलाय.

"मग तू कारखान्यात काय पाहिलंस?" माझा आवाज जरा खाली आला होता.

"वाल्व गंजून बसलेला. हातानं उचलून बघितला, हलेना. मी सील लावलं नाही. वहीत लिहिलं." त्यानं वही उघडली. त्या तारखेखाली शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वाल्व अडकलेला. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणे. सील केले नाही.' "साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मालक बदलून घेतील, माझं बोलणं झालंय. आणि सही केली."

"हे तू जबाबात देशील?"

"देईन. पण एक विचारू? कलमात हाताखालचे कर्मचारी आहेत, असं साहेब म्हणतात. मी आहे का त्यात? मी तर अकरा महिन्यांचा आहे."

मला उत्तर येत नव्हतं. ते मी कबूल केलं.

"ठीक," तो म्हणाला. "मी खरं लिहून देतो. पण मग तुमच्याकडेही खोटा कागद राहता कामा नये. उद्या वकील मला विचारणार, साहेब विश्रामगृहावर होते म्हणतोस, पोलीस म्हणतात खाडीवर. मग मी खोटा, तात्या आत. तुमचंही खरं लिहा. दोघांचं एकदम जाऊ दे."

चौकशीला बोलावलेला माणूस मला अटी घालत होता, आणि त्याच्या अटीत मला एकही भोक सापडत नव्हतं.

बातमी पसरायला आमच्याकडे वेळ लागत नाही. दुपारी निरीक्षकांचा फोन आला. आवाज तसाच सभ्य. "साहेब, मी तुमच्या विनंतीवरून सही केली, सद्भावनेनं. तुम्ही ती घेतलीत, सद्भावनेनं. आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार? खाडीचा पंचनामा बोलणार नाही, माझं प्रमाणपत्र बोलणार नाही. आपण दोघं एकाच खात्यातले म्हणा ना."

"आणि तात्या?"

"त्याला कोर्ट सोडेल की. दोनतीन वर्षांत."

मी पाहतो म्हणालो आणि फोन ठेवला. सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, असं लिहिणं मला शोभून दिसलं असतं. खरं म्हणजे मी चार तास बसून हिशेब मांडला की लपवलं तर सापडण्याची शक्यता किती. मदतनीसाला ठाऊक, हवालदाराला ठाऊक, शिपायाला ठाऊक. शक्यता फारच होती. त्यातच ठाण्यासमोरच्या बाकावर तात्याची बायको दिसली. ती तुरुंगात भेटीला जाऊन आली होती आणि एस.टी.ला वेळ होता. सावली बरी म्हणून बसली होती. तिनं मला पाहून पदर सावरला आणि उठून उभी राहिली. अधिकाऱ्यासमोर उठावं म्हणून. तेवढ्यानं हिशेब संपला.

मी दोन कागद लिहिले. पहिला कोर्टाला. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, घटनास्थळाच्या पंचनाम्यात 'तोडलेले' हा शब्द माझ्याकडून चुकीचा पडला, सबब आरोपीस सोडण्यात यावे. दुसरा पोलीस अधीक्षकांना. खाडीच्या पंचनाम्यातील पंच क्रमांक दोन घटनास्थळी हजर नव्हते, सही नंतर घेतली, जबाबदारी माझी. दोन्ही कागद छोटे होते. चांगल्या अक्षराला त्यात वाव नव्हता.

अधीक्षकांनी बोलावून घेतलं. कागद वाचून म्हणाले, "नोकरीत बरेच पंचनामे पाहिले. अधिकाऱ्यानं स्वतःचा केलेला हा पहिलाच."

तात्या बावीस दिवसांनी सुटला. मालकावर दोषारोपपत्र गेलं, दुरुस्ती टाळल्याबद्दल. वाळूची केस कोसळली. आरोपींच्या वकिलानं कोर्टात माझा कागद वाचला तेव्हा आरोपीसुद्धा माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते. निरीक्षकांवर खटल्याच्या मंजुरीचा प्रस्ताव मी पाठवला, मदतनीसाचा जबाब आणि वही जोडून. पुष्कळ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. 'सदर कृत्य कर्तव्य बजावताना सद्भावनेने झाल्याचे दिसते, सबब मंजुरी नाकारण्यात येत आहे.' माझी विभागीय चौकशी झाली. तिचा निष्कर्षही आला. 'सदर अधिकाऱ्याने पंचनामा सद्भावनेने केला असून सक्त ताकीद देण्यात येत आहे.' दोन वेगळ्या कार्यालयांत दोन वेगळ्या माणसांनी टाइप केलं होतं, पण शब्द तोच.

मदतनीसाला कुणी ताकीद दिली नाही. त्याचे अकरा महिने संपले आणि पुढचे मिळाले नाहीत. कलमात तो होता की नव्हता, हा प्रश्न सुटला नाही, कारण विचारायची वेळच आली नाही. आता तो हर्णैला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मासळीच्या लिलावाला गेलो की भेटतो. रागावलेला नाही. मी बिल विचारलं की जास्त सांगतो, एवढंच.

आणि तात्या. सुटल्यावर महिन्याभरानं तो ठाण्यात आला. हाताची कातडी गुलाबी, आवळून आलेली.

"साहेब, तुमाला काय झाला?"

"सक्त ताकीद."

"म्हंजे काय?"

"पुन्हा असं करू नका, असं पत्र."

"बरा झाला. मनाबी एक पत्र पायजे."

"कसलं?"

"मी वाल्व आवळला नाय, असा. दोन कारखान्यांत गेलो. ते पेपरातला तुमचा फोटू काढून दावतात. बोलतात, तूच ना तो?"

मी म्हणालो, कोर्टाचा आदेश आहे ना, त्याची नक्कल दाखव. तो म्हणाला, "दावली. त्यात लिवलाय, पुरावा नाय. केला नाय असा कुटं लिवलाय?"

त्याचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, असं पत्र देऊ नका. चूक झाली असं लिहून दिलंत तर नुकसानभरपाईचा दावा येईल, आणि सद्भावनेचं संरक्षण तुम्हीच स्वतःच्या हातानं काढून ठेवाल. मी तात्याला सांगितलं की नियमात बसत नाही. त्यानं मान हलवली आणि गेला. आधीचे दोन कागद मला सुचले, हा तिसरा देता आला नाही. पहिल्या दोन्हींसाठी मला शाबासकी मिळते, म्हणून हा इथं मुद्दाम सांगतो.

निवृत्त झाल्यानंतरच्या आठवड्यात मी त्याच्या वाडीत गेलो. घरी साध्या कागदावर लिहून नेलं होतं. त्यानं वाल्व आवळला नव्हता, सील लावलंच नव्हतं, मी चुकीचं लिहिलं, त्याला विनाकारण आत ठेवलं. खाली माझं नाव, पद नाही. तो अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. चष्मा आणायला आत गेला, कागद दोनदा वाचला.

"शिक्का नाय?"

"आता माझ्याकडे शिक्का नाही."

"आता बॉयलर कुटं चालवतो मी," तो म्हणाला. "हात मुठीत येत नाय." कागद घडी करून त्यानं बायकोकडे दिला. "ठेव. पोराचा लगीन ठरवायला लोक येतात, त्यांना दावू."

निरीक्षकांना संरक्षण नको, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक अपघातानंतर त्यांना कोर्टात ओढलं तर कुणी सहीच करणार नाही, आणि मग बॉयलर तपासायला कुणी उरणार नाही. मला पोलीस म्हणून ते संरक्षण मिळालं आणि मी ते नाकारलं नाही. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, की ते संरक्षण चुकणाऱ्या माणसासाठी आहे, पण चूक कबूल करायची वेळ आली की तेच तोंडावर हात ठेवतं. तो हात बाजूला करायला मला निवृत्त व्हावं लागलं. तोवर तात्याचा हात मिटायचा थांबला होता.